पल्याड न जाणारा डोंगा

शेवंता,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी हसले. चांगली मोठ्यानं हसले. तुझी सगळ्यात जुनी मैत्रीण म्हणून मला पुढच्या रांगेत खुर्ची दिली होती, त्यामुळे तोंड लपवायलाही जागा नव्हती. वणीहून आलेले एक वक्ते फार छान बोलत होते. त्यांचा आवाज भरून आला होता. बोलता बोलता ते म्हणाले, "शेवंताबाईंची जीवननौका आज पैलतीराला लागली." आणि माझं हसू फुटलं. तुझ्या धाकट्या सुनेनं धावत पाणी आणून दिलं. म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला, असं तिला वाटलं असणार.

आता तूच सांग, मी काय करायचं होतं? पैलतीराला, आणि तू? ज्या बाईनं चालत्या डोंग्यात उभं राहून डोंगेवाल्याला दम दिला होता, की खबरदार पल्याड लावशील तर, तिची नौका हे गृहस्थ खुशाल पैलतीराला लावून मोकळे झाले. तू तिथं असतीस तर उठून म्हणाली असतीस, "ओ दादा, डोंगा मांगं घ्या."

त्यांची काही चूक नाही. ते तेव्हा जन्मलेही नव्हते. त्या डोंग्यातल्या मोठ्या बायांपैकी आता मी एकटीच उरले आहे. म्हणून तुला ठाऊक असलेलीच गोष्ट तुला सांगत बसले आहे. एरवी तू सांगायचीस आणि मी तुझ्या चुका काढायची. आज तुला मध्ये बोलता येत नाही, तर ही संधी मी काही सोडणार नाही.

दीक्षेला पाचेक वर्षं झाली होती. छप्पन साली तू कडेवर पोर घेऊन नागपूरला गेलीस आणि मी बाळंतीण म्हणून घरी राहिले, हे तू मला आयुष्यभर ऐकवलंस. त्यानंतर वस्तीतल्या घराघरातले देव निघाले. आमच्या देव्हाऱ्यातले चांदीचे टाकही ह्यांनी फडक्यात बांधून वर्धा नदीच्या डोहात सोडून दिले. देव्हाऱ्याच्या रिकाम्या कोनाड्यात आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मिठाचं मडकं ठेवलं आणि चुलीपुढे जाऊन बसल्या.

पण पौष आला की त्यांचं चित्त ठिकाणावर नसायचं. नदीपल्याडच्या गावात पौषात देवीची जत्रा भरायची. लग्न होऊन आल्यापासून आत्याबाईंनी ती कधी चुकवली नव्हती. दीक्षेनंतर वस्तीनं ठरवलं, की जत्रेला जायचं नाही आणि जो जाईल त्याच्या घरचं पाणी कुणी प्यायचं नाही. हा ठराव मांडला होता कोणी? आमच्याच घरधन्यानं. हे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते आणि वस्तीच्या समितीत यांच्या शब्दाला मान होता. पहिली काही वर्षं आत्याबाईंनी तोंड मिटून काढली. त्या वर्षी मात्र भाकर थापता थापता त्यांनी जाहीर केलं, "यंदा म्या जाईन जत्रेले. मंग तुमी मह्या हातचं पानी पेवा का नका पेवू."

हे ताटावरून उठले. म्हणाले, "माय जत्रेले गेली, तं म्या ह्या घरात राह्यनार नाही."

आणि तो माणूस बोलल्यासारखाच वागणारा होता, हे तुला मी काय सांगू. आई गेली तर मुलगा घर सोडणार, आणि मुलाला न जुमानणारी ती बाई त्याचीच आई. मी दोघांच्या मध्ये. दुसऱ्या दिवशी वेचणीला गेलो तेव्हा कापसाच्या तासात, दोन ओळींच्या मध्ये उभी राहून मी रडले. तू तुझं तास सोडून आलीस. सगळं ऐकून घेतलंस. मला वाटलं, दोन धीराचे शब्द बोलशील. तू म्हणालीस, "पयले नाक पूस. कापसाले लागते."

मग थोडा वेळ वेचत राहिलीस आणि म्हणालीस, "जत्रा सोडली आपन. म्हनून फिरनंबी सोडलं का? बुढीले घराबाहीर पडाचं हाय. थे देवीपाशीच पडाचं हाय, असं कोनं सांगतलं?"

शेवंता, तोवर आपल्यापैकी कुणीच कधी फिरायला म्हणून कुठं गेलं नव्हतं. आपण जत्रेला जायचो, लग्नाला जायचो, मयतीला जायचो, कामाला जायचो. उगाच कुणी कुठं जातं का? तू मात्र घरोघर जाऊन बाया गोळा केल्यास. जत्रेच्याच दिवशी, डोंगा करून, दिवसभर नदीत फिरायचं. आमच्या ह्यांना सांगायला तूच आलीस.

"फिराले म्हंजे कुठी?" ह्यांनी विचारलं.

"कुठीच नाही, भाऊजी."

"मंग कायले जाता?"

"कुठीच नाही जाले," तू म्हणालीस, "म्हनून तं जाऊन राह्यलो." ह्यांना समजलं काहीच नाही, पण तुझ्याशी वाद घालायचा म्हणजे दिवस मोडायचा, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी फक्त आईला सोबत नेण्याचं तुझ्याकडून कबूल करून घेतलं. तुला तरी दुसरं काय हवं होतं?

आत्याबाई तयार झाल्या तेव्हा मला खरं तर संशय यायला हवा होता. एवढी हट्टी बाई एका बोलण्यात डोंग्यात बसायला निघाली, छातीशी गाठोडं धरून. पण मी माझ्याच धांदलीत होते. सहलीला काय न्यायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून प्रत्येकीनं जत्रेला नेतो ते सगळं घेतलं. आपल्या वस्तीतल्या गिरजानं घोंगडी घेतली, चटया घेतल्या, मोठी कढई घेतली. मी दिवसाढवळ्या कंदील घेतला. तू हसलीस मला त्या कंदिलावरून, पण तुझ्या डोक्यावर पाटा-वरवंटा होता, हे विसरू नकोस. भाकरी, वांग्याची भाजी, जवसाची चटणी आणि तुरीच्या उकडलेल्या शेंगांची टोपली, एवढं सामान पाहून सुदाम डोंगेवाला म्हणाला, "बाई, बिऱ्हाड हलवून राह्यले का?"

तो सुदामही बिचारा. जन्मभर या काठावरून त्या काठावर माणसं नेलेली. त्या दिवशी जत्रेची गर्दी मोठ्या डोंग्यावर होती, म्हणून त्याचा लहान डोंगा आपल्याला मिळाला. पूर्वी जत्रेच्या दिवशी घाटावर आपल्याला सगळ्यात शेवटी बसवायचे, तेही मागच्या टोकाला. ती सवय अंगात इतकी मुरलेली, की अख्खा डोंगा आपला असून गिरजा चढली ती थेट मागच्या टोकाला जाऊन बसली. तू ओरडलीस, "तिथं कायले गेली व? मधात ये! आज साऱ्या मधात बसाचं!"

झालं. सगळ्या बाया उठून मधात आल्या. ज्यांना मधात जागा नव्हती त्या पुढं गेल्या. डोंग्याचं नाक पाण्याला टेकलं. सुदाम घाबरून म्हणाला, "बाईहो, काही जनी मांगं बसा नं."

तू कंबरेवर हात ठेवलास. "मांगं काहून?"

"अवो बाई, डोंगा..."

"नाही, मले सांग. मांगं काहून बसाचं आमी?"

"बुडंन नं डोंगा!" सुदाम रडकुंडीला आला. "वजन सारखं नको का? मांगं म्या बसतो, मंग तं झालं? पन मंग चालवंन कोन?"

मग त्याचं म्हणणं तुला पटलं. पण सरळ ऐकशील तर तू शेवंता कसली! तू निवाडा दिलास, की मागं सगळ्यांनी पाळीपाळीनं बसायचं आणि पहिली पाळी तुझी. मग दिवसभर दर थोड्या वेळानं बाया जागा बदलत राहिल्या, डोंगा डुलत राहिला आणि गिरजा किंचाळत राहिली. तशा गर्दीत, त्या उन्हात, कुणाचं काही काम नसताना पाण्यावर बसायला इतकं बरं वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं. सोबत आणलेली पोरं डोंग्याच्या काठावरून हात पाण्यात सोडून बसली होती. आपल्यातली एकही बाई कुणासाठी काही करत नव्हती.

तेवढ्यात पल्याडून डफड्यांचा आवाज यायला लागला. आणि मला दिसलं, की सुदाम डोंगा सरळ जत्रेच्या काठाकडे नेतो आहे. त्याचा काही डाव नव्हता. आयुष्यभर एकाच दिशेनं बांबू रेटलेला हात, तो आपोआपच तिकडे वळला. आत्याबाई सगळ्यात पुढं बसल्या होत्या. काठ जवळ आला. झेंडे दिसायला लागले, पाळणा दिसायला लागला. आत्याबाईंनी लुगडं सावरलं, गाठोडं काखेत घेतलं आणि उतरायला उभ्या राहिल्या.

आत्याबाई आता उतरणार, आणि आज संध्याकाळी माझं घर मोडणार. सून सासूला काय सांगणार?

तू मागच्या टोकाला उभी राहिलीस. "ए सुदाम! पल्याड नको लावू!"

"मंग कुठी लावू?"

"कुठीच नको लावू. आपन पल्याड जाले नाही निंगालो, बाप्पा. आपन फिराले निंगालो."

सुदाम बांबू रोवून बघतच राहिला. "बाई, डोंगा कुठी ना कुठी तं लागंनच का नाही?"

"लागंन तवा लागंन," तू म्हणालीस. "आता चालू दे."

आणि तो डोंगा वळला. काठ इतका जवळ होता, की आत्याबाईंनी एक ढांग टाकली असती तर पाय वाळूत पडला असता. त्यांनी टाकली नाही. का नाही टाकली, हे मला अजूनही कळलेलं नाही. त्या खाली बसल्या, जत्रेकडे पाठ करून, आणि डोंगा खाली डोहाकडे निघाला.

डोहात पाणी हलत नाही. सुदामनं बांबू आडवा ठेवला आणि बिडी पेटवली. आपण भाकरी सोडायला लागलो, तशी आत्याबाईंनी गाठोडं सोडलं. आत नारळ होता. हिरव्या बांगड्या होत्या. हळदीकुंकवाची पुडी होती. गिरजाचे हात सवयीनं जोडले जायला निघाले, तेवढ्यात तिला आठवलं आणि तिनं त्याच हातांनी नाक खाजवलं.

आत्याबाई कुणाकडे न बघता म्हणाल्या, "खाली महे देव हाइत. पाच सालं झाले. कोनं त्याइले इचारलंबी नाही."

ती गोष्ट वस्तीत कळली असती तर जत्रेइतकाच तमाशा झाला असता, हे सगळ्यांना कळत होतं. जत्रेला गेली काय आणि डोहात नारळ वाहिला काय. पण त्या म्हातारीकडे बघून नको म्हणायची कुणाची छाती झाली नाही. माझी तर नाहीच. तूच सरकत सरकत पुढं आलीस, तिच्यासमोर मांडी घातलीस आणि हात पुढं केलास. "आन इकडं, माय."

आत्याबाईंनी नारळ दिला. तू तो डोंग्याच्या नांगराच्या दगडावर फोडलास, पाणी लोट्यात धरलंस आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा तिच्याच हातात ठेवलास. म्हणालीस, "त्याइचं पोट पयलेच भरलं असंन, माय. पोरं उपाशी हाइत." आणि बाकीचं खोबरं पोरांना वाटून टाकलंस.

मला वाटलं, आता आत्याबाई तो तुकडा तुझ्या तोंडावर मारणार. त्या पोरांकडे बघत बसल्या. पोरं कराकरा खोबरं खात होती. आत्याबाईंचा हात डोंग्याच्या काठावर होता, तुकडा मुठीत. मग ती मूठ उघडली. तुकडा पाण्यात गेला आणि थोडा वेळ तरंगत राहिला.

आत्याबाईंनी तुझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दुसरा दे."

तू दिलास. त्यांनी तो दुसरा तुकडा खाल्ला. मग तुझा हात ओढून घेतला आणि त्या हिरव्या बांगड्या तुझ्या हातात भरल्या, जरा जोर लावूनच, कारण तुझा हात काही नाजूक नव्हता.

पुढं सगळं सोपं झालं. शेंगा सोलता सोलता आत्याबाई बोलायला लागल्या. जत्रेत त्यांची धाकटी बहीण भेटायची. ती पल्याडच्याच एका गावात दिलेली. वर्षातून एकदा, त्या एका दिवशी, दोघी पाळण्यापाशी बसून रेवड्या खायच्या. एवढं सोपं दुःख होतं, आणि आम्ही घरात देवांवरून भांडत होतो. तू म्हणालीस, "मंग तिलेच डोंग्यात बलाव नं. पल्याडून आपन बसवून घेऊ." सुदाम मधेच म्हणाला, "म्हंजे पल्याड लावाचं का?" आणि सगळा डोंगा हसला.

संध्याकाळी हे घाटावर उभे होते. दुकानदारानं त्यांना सांगितलं होतं, की म्हातारीनं नारळ विकत घेतला. त्यांनी मला विचारलं नाही, आईला विचारलं नाही. तुला विचारलं. "मायनं नारळ नेलता. काय केलं त्याचं?"

"खाल्ला," तू म्हणालीस.

"सारा?"

"एक तुकडा पान्यात पडला."

"पडला का टाकला?"

तू पापणीसुद्धा हलवली नाहीस. "पडला, भाऊजी. डोंगा डुले किती! तुमी असते तं तुमीच पडले असते."

ह्यांनी आईकडे बघितलं. मग तिच्या काखेतलं गाठोडं काढून आपल्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, "चाल, भूक लागली असंन." झालं. माझं घर राहिलं. पुढच्या पौषात धाकटी बहीण डोंग्यात होती, रेवड्यांसकट. त्यानंतर दर वर्षी, दोघी बहिणी होत्या तोवर, आपण त्याच दिवशी नदीत फिरायला गेलो. आत्याबाई पुन्हा कधी जत्रेला गेल्या नाहीत.

पण शेवंता, तो तुकडा पडला नव्हता. टाकला होता. मी समोर बसले होते, मी मूठ उघडताना पाहिली. हे मी तुला किती वेळा सांगितलं! वेचणीत सांगितलं, तुझ्या पोरीच्या लग्नात हळद लावताना सांगितलं, मी बालवाडीच्या नोकरीतून निवृत्त झाले त्या दिवशी सांगितलं. दर वेळी तू तेच म्हणायचीस. "भाकर खाता खाता तुह्या हातून कवा तुकडा नाही पडला का?" मी चिडायची. तूही चिडायचीस. एकदा तर आपण आठवडाभर बोललो नाही. गेल्या महिन्यात तू अंथरुणाला खिळलीस तेव्हाही मी तुझ्या कानाशी जाऊन म्हटलं, "आता तं खरं सांग." तुझे डोळे मिटलेले होते. ओठ हलले. "पडला," म्हणालीस, आणि हसलीस, चोरटी कुठली.

एक सांगायचं राहून गेलं. तू खरं कबूल करावंस, असं मला कधी वाटलंच नाही. तू "पडला" म्हणालीस, की मला पुन्हा तो घाट दिसायचा, खांद्यावर गाठोडं घेतलेले हे दिसायचे, त्यांच्यामागून चालणाऱ्या आत्याबाई दिसायच्या. त्यासाठी मी भांडण उकरून काढायची. तू त्या एका शब्दावर माझा संसार धरून ठेवलास आणि त्याचं श्रेय कधी घेतलं नाहीस. मी तुझे आभार मानले नाहीत, कारण मानले असते तर तू म्हणाली असतीस, "पयले नाक पूस." आता मानते. तू नसताना मला फार एकटं वाटतं आहे, हेही सांगून टाकते.

कार्यक्रम संपल्यावर मी नातीला म्हटलं, मला नदीवर ने. तिनं स्कूटीवर नेलं. तुला माहीतच आहे, तिथं आता पूल आहे, वरून कोळशाचे ट्रक धडधडत जातात आणि डोंगा कुणाला लागत नाही. डोह मात्र आहे, अर्धा वाळूनं भरलेला. वाटेत मी एक नारळ घ्यायला लावला. नात म्हणाली, "आजी, नारळ कशाला?" मी म्हटलं, "खायला." ती हसली, कारण माझ्या तोंडात दात किती आहेत, हे तिला ठाऊक आहे.

तिनं घाटाच्या दगडावर नारळ फोडला. आम्ही दोघी पाण्यात पाय सोडून बसलो. घाई कसलीच नव्हती. तिनं मला एक तुकडा दिला. मी तो थोडा वेळ हातात धरला. मग तो पाण्यात गेला, आणि तरंगत तरंगत डोहाकडे निघाला.

"आजी, टाकला का गं?" नातीनं विचारलं.

"पडला," मी म्हटलं. "दुसरा दे."